राउटर कोणाचा? मुक्त हार्डवेअर या कल्पनेची चिकित्सा

आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे: एम्बेडेड नेटवर्क सॉफ्टवेअर आणि ओपन सोर्स हार्डवेअर. नाव जड असलं तरी वस्तू घरातलीच आहे. टीव्हीच्या मागे किंवा दरवाज्याच्या वर खिळ्याला अडकवलेला, चार हिरवे दिवे लुकलुकवणारा तो वायफायचा डबा. ठाकुर्लीतल्या कुठल्याही इमारतीचा जिना चढून बघा, प्रत्येक मजल्यावर फायबरची वेटोळी लोंबताना दिसतील आणि प्रत्येक वेटोळ्याच्या शेवटी असा एक डबा असेल.

हा डबा म्हणजे एक पूर्ण संगणक आहे. त्यात प्रोसेसर आहे, रॅम आहे, फ्लॅश मेमरी आहे आणि बहुतेक वेळा लिनक्सही आहे. फरक इतकाच की त्याला पडदा नाही आणि कीबोर्ड नाही. यंत्राच्या पोटात बसवलेलं, एकच ठरलेलं काम करणारं सॉफ्टवेअर म्हणजे एम्बेडेड सॉफ्टवेअर. पडदा नसल्यामुळे आपल्याला तो संगणक वाटतच नाही. आणि संगणक वाटत नाही म्हणून त्याच्या मालकीचा प्रश्नही आपल्या डोक्यात येत नाही.

तो प्रश्न आज आम्ही मांडणार आहोत. डबा आपण विकत घेतला किंवा कनेक्शनबरोबर मिळाला, पण तो आपल्या ऐकण्यातला आहे का?

ठाकुर्लीत हा प्रश्न मांडायला एक निमित्तही आहे. १९२९ साली मुंबई-पुणे मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. त्या काळात रेल्वेने स्वतःच्या गाड्यांच्या विजेसाठी इथेच चोळ्याचं पॉवर हाऊस उभारलं. ते आता बंद आहे, पण वीज कुठे तयार होते आणि आपल्यापर्यंत कशी येते हे या गावाने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. विजेच्या बाबतीत एक गोष्ट आपण गृहीत धरतो. मीटरपर्यंत कंपनीची हद्द, मीटरच्या पुढे आपली. बल्ब कुठल्या कंपनीचा लावायचा हे वीज कंपनी सांगत नाही आणि रात्री दोन वाजता दूरवर बसून आपल्या पंख्याचा वेगही बदलत नाही.

राउटरच्या बाबतीत मात्र हे होतं. टीआर-०६९ नावाची एक पद्धत आहे. तिच्यामुळे सेवा देणारी कंपनी ग्राहकाच्या घरातल्या डब्याच्या सेटिंग्ज दुरून बदलू शकते, त्यातलं सॉफ्टवेअरही बदलू शकते. सोय म्हणून ही पद्धत वाईट नाही. लाखो घरी माणूस पाठवणं कुणाला परवडणार? पण किल्ली ज्या दाराची असते, ते दार चोरालाही माहीत होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत याच दूरनियंत्रणासाठी उघड्या राहिलेल्या दारावर मिराई नावाच्या दुष्ट प्रोग्रामच्या एका अवताराने हल्ला केला आणि सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट कोलमडलं. त्याच्या महिनाभर आधी, २१ ऑक्टोबर २०१६ला, मिराईनेच घरोघरचे कॅमेरे आणि राउटर वेठीला धरून अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांची वाट अडवली होती. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना आपण या हल्ल्यात सामील आहोत याचा पत्ताही नव्हता. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिला होता, एवढंच.

तेव्हा राउटर कोणाचा हा प्रश्न हौशी मंडळींपुरता नाही. ज्याला डब्यातलं सॉफ्टवेअर वाचता येतं, दुरुस्त करता येतं, त्याला त्याचं घर सांभाळता येतं. बाकीचे दुसऱ्याच्या मर्जीवर.

यावर उत्तर म्हणून आपल्याकडे एक शब्द दिला जातो: ओपन सोर्स, म्हणजे मुक्तस्रोत. आमचा आक्षेप त्या शब्दावर नाही, त्याच्या एकवचनावर आहे. नेटवर्कच्या यंत्रात मोकळेपणाचे चार थर असतात. सर्वांत वर कोड, त्याखाली बोर्ड, त्याखाली चिप आणि सर्वांत शेवटी हवा, म्हणजे ज्या लहरींवरून हे सगळं बोलतं त्या लहरी. पहिला थर मोकळा झाला की आपण टाळ्या वाजवतो. पण खालचे तीन बंद असतील तर वरच्या थराचं स्वातंत्र्य भाड्याच्या घरासारखं असतं. राहता येतं, पण मालकाने सांगितलं की खाली करावं लागतं. आता एकेक थर बघू.

पहिला थर: कोड

डिसेंबर २००२मध्ये लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आला. निळा-काळा, दोन शिंगांचा. काही महिन्यांत सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलरना लिंक्सिस विकत घेण्याचं जाहीर केलं. आणि २००३च्या जूनमध्ये एका प्रोग्रामरने लिनक्सच्या चर्चेत दाखवून दिलं की या राउटरच्या पोटात लिनक्स आहे, पण त्याचा कोड कंपनीने दिलेला नाही.

यात बिघडलं काय? लिनक्स फुकट आहे, पण बिनशर्त नाही. त्याचा परवाना जीपीएल सांगतो की तुम्ही हे वापरून वस्तू विकलीत तर तुमच्या बदलांसह कोड ग्राहकाला द्यायला हवा. दबाव वाढला आणि जुलै २००३मध्ये कंपनीने कोड दिला. त्या कोडवर २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज शेकडो प्रकारच्या राउटरवर तो चालतो. पुढे सिस्कोच्या इतर उपकरणांवरूनही भांडण झालं. डिसेंबर २००८मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने न्यायालयात दावा लावला आणि मे २००९मध्ये समझोता झाला.

ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवली जाते: सामान्य माणसाने कंपनीला नमवलं. पण तिचा पुढचा भाग जास्त शिकवणारा आहे. २००५च्या अखेरीस त्याच डब्ल्यूआरटी५४जीची पाचवी आवृत्ती आली. बाहेरून डबा तोच. आत मात्र फ्लॅश ४ मेगाबाइटवरून २ वर आणलेली, रॅम १६वरून ८ वर आणि लिनक्सच्या जागी व्हीएक्सवर्क्स ही दुसरी प्रणाली. ज्यांना लिनक्स हवं होतं त्यांच्यासाठी डब्ल्यूआरटी५४जीएल हे वेगळं मॉडेल काढलं. कुठलाही कायदा मोडला नाही, कुणी कोर्टात गेलं नाही. फक्त मेमरीचे दोन तुकडे छोटे केले आणि त्या डब्यावर आधीचं मोकळं सॉफ्टवेअर मावेनासं झालं.

आणखी एक. पहिल्या आवृत्त्यांतही वायफायची चिप ब्रॉडकॉमची होती आणि तिचा ड्रायव्हर बंद स्वरूपात दिलेला होता. तो ड्रायव्हर लिनक्सच्या जुन्या २.४ कर्नलवरच चालायचा. म्हणून बाकी सगळा कोड हातात असूनही ओपनडब्ल्यूआरटीला त्या राउटरसाठी वर्षानुवर्षं जुन्या कर्नलला चिकटून राहावं लागलं. घर आपलं, पण एका खोलीची किल्ली घरमालकाकडे. आणि नळ नेमका त्याच खोलीत.

दुसरा थर: बोर्ड

इथून ओपन सोर्स हार्डवेअरची कल्पना सुरू होते. २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावात अर्दुइनो तयार झालं. शाळकरी मुलांनाही वापरता येईल असा छोटा बोर्ड, आणि त्याचा आराखडा जाहीर. २०१०मध्ये न्यूयॉर्कला पहिली ओपन हार्डवेअर परिषद भरली, २०११मध्ये व्याख्येची पहिली आवृत्ती आली, २०१२मध्ये त्यासाठी संस्था झाली. व्याख्येचं सार साधं आहे. आराखडा असा खुला हवा की तो कुणालाही अभ्यासता यावा, बदलता यावा, वाटता यावा आणि त्यावरून वस्तू बनवून विकताही यावी. आणि तो नुसत्या चित्राच्या रूपात नको, बदल करता येईल अशा मूळ फाइलमध्ये हवा. या शेवटच्या अटीकडे लक्ष द्या. जेवणाचा फोटो आणि पाककृती यांत फरक असतो ना, तसा हा फरक आहे.

या व्याख्येवर आमच्या दोन टीका आहेत.

पहिली अशी. ही कल्पना सॉफ्टवेअरवरून उचललेली आहे आणि उचलताना एक आधार मागे राहिला. जीपीएल चालतो कारण कोडवर कॉपीराइट असतो. कॉपीराइट आहे म्हणून अट घालता येते आणि अट मोडली तर दावा लावता येतो. सर्किटचं तसं नाही. कॉपीराइट त्या आराखड्याच्या रेखाटनावर असतो. त्यावरून बनवलेल्या, काम करणाऱ्या वस्तूवर तो सहसा पोचत नाही. आपल्याकडे चिपच्या मांडणीसाठी २००० सालचा वेगळा कायदा आहे, पण बोर्डाला तो लागू नाही. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेने हार्डवेअरसाठी खास परवाना लिहिला, २०२०मध्ये त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती आणली. प्रयत्न मोलाचा आहे. तरी लिंक्सिसला ज्या काठीने वळवलं ती काठी हार्डवेअरच्या हातात तितकीशी मजबूत नाही. इथलं बरंचसं मोकळेपण देणाऱ्याच्या इच्छेवर चालतं.

दुसरी टीका पैशाची. कोडची प्रत काढायला काही लागत नाही. बोर्डाची प्रत काढायला तांबं लागतं, चिप लागतात, आणि दहा बोर्डांचा भाव दहा हजार बोर्डांच्या भावाशी कधी जुळत नाही. म्हणून ‘कुणीही बनवू शकतं’ हे वाक्य कागदावर खरं आणि बाजारात अर्धं खरं असतं.

पण म्हणून बोर्ड मोकळा करण्यात अर्थ नाही असं आम्ही म्हणणार नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाने वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा राउटर आणला, ओपनडब्ल्यूआरटी वन. बनाना पाय कंपनीने तो बनवला, तेव्हाची किंमत ८९ डॉलर. सर्किटचा आराखडा जाहीर आहे. आत दोन वेगवेगळ्या फ्लॅश चिप ठेवल्या आहेत; एकीवरचं सॉफ्टवेअर बिघडलं तर दुसरीवरून डबा पुन्हा जिवंत करता येतो. ही रचना पाहिली की कळतं, बनवणाऱ्याने गृहीतच धरलंय की मालक आत हात घालणार. डब्ल्यूआरटी५४जीच्या पाचव्या आवृत्तीच्या अगदी उलट वृत्ती.

मात्र त्याच राउटरमध्ये मीडियाटेकची चिप आहे आणि तिच्या वायफाय भागात चालणारं फर्मवेअर बंदच आहे. ड्रायव्हर मोकळा, पण ड्रायव्हर ज्याच्याशी बोलतो तो मुका. म्हणजे आज मिळू शकणाऱ्या सर्वांत प्रामाणिक राउटरमध्येही ती एक खोली कुलूपबंदच आहे.

तिसरा थर: चिप

या थरावर आपल्या देशात बरंच काम झालं आहे आणि त्याबद्दल मराठीत फार थोडं बोललं जातं. आयआयटी मद्रासचा शक्ती प्रकल्प रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर प्रोसेसर बनवतो आणि त्याचे आराखडे बीएसडी परवान्याखाली देतो. २०१८ साली त्यांच्या चिप प्रत्यक्ष बनून आल्या. एक अमेरिकेत इंटेलच्या कारखान्यात, दुसरी आपल्या चंडीगडच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत. आपल्या जवळ, पवईला, आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई यांच्या गटाने अजित हा प्रोसेसर तयार केला. तिथल्याच फॉसी प्रकल्पाने ई-सिम हे सर्किट आखण्याचं मोफत आणि मोकळं सॉफ्टवेअर बनवलं. ठाकुर्लीच्या कुठल्याही डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला ते आजच उतरवून घेता येईल.

अडचण कुठे येते? आराखडा मोकळा असला तरी चिप ओतायला कारखाना लागतो आणि कारखान्याचे नियम, म्हणजे कुठली रेघ किती जाड, कुठला थर कुणावर, हे बहुतेक वेळा गोपनीयतेच्या करारात बांधलेले असतात. २०२०मध्ये गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटरच्या तंत्राचे असे नियम जाहीर केले तेव्हा पहिल्यांदा ही भिंत जराशी खचली. १३० नॅनोमीटर हे जुनं तंत्र आहे. शिकायला उत्तम, पण आजच्या वेगाचा वायफाय राउटर त्यावर उभा राहणं कठीण.

चौथा थर: हवा

आता ज्या थराबद्दल कुणीच बोलत नाही तिथे येऊ. आणि इथला दाखला आपल्याच जिल्ह्यातला आहे. निदान तेव्हा आपल्या जिल्ह्यातला होता. पालघर ठाण्यापासून वेगळं झालं ते १ ऑगस्ट २०१४ला.

त्याच पालघरमध्ये, खामलोली आणि आसपासच्या गावांत, प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली आयआयटी मुंबईच्या गटाने ग्राममार्ग नावाचा प्रयोग केला. विचार असा होता. दूरदर्शनसाठी ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवलेला आहे, ८ मेगाहर्ट्झच्या १५ वाहिन्या. या गटाने देशभराचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की जवळपास सगळीकडे १५पैकी किमान १२ वाहिन्या रिकाम्या आहेत. या लहरी वायफायच्या लहरींपेक्षा लांब जातात आणि झाडीतून बऱ्या पार होतात. पालघरच्या डोंगर-झाडीत हे किती मोलाचं, ते सांगायला नको. मग रिकाम्या वाहिन्यांवरून गावात इंटरनेट का नेऊ नये?

त्यासाठी यंत्राला कळायला हवं की आत्ता, इथे, कुठली वाहिनी रिकामी आहे. याची एक जागतिक पद्धत आहे: यंत्र आपलं ठिकाण कळवतं आणि मध्यवर्ती नोंदवही त्याला रिकाम्या वाहिन्या सांगते. आयआयटीच्या गटाने ही नोंदवही भारतासाठी लिहिली आणि तिचा कोड २०१५मध्ये ओपन सोर्स म्हणून मांडला. गावातलं जाळं ग्रामपंचायतीला भागीदार करून चालवायचं, असा त्यांचा आराखडा होता. २०१७ साली मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं.

कोड मोकळा, कल्पना मोकळी, गाव तयार. पण दूरदर्शनच्या पट्ट्यावर त्यांना काम करता आलं ते प्रायोगिक परवान्यावर. प्रयोगाला परवानगी मिळते, पण गावच्या पोराला उद्या तसंच यंत्र जोडून शेजारच्या पाड्याला कनेक्शन द्यायची परवानगी त्यातून मिळत नाही. पुढे २५ गावांपर्यंत जाळं वाढवताना ५.८ गिगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा वापरला गेला. त्यावर काम होतं, पण झाडं आडवी आली की त्या लहरी थकतात.

यात सरकार खलनायक आहे असं आम्ही म्हणत नाही. लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, त्यांत गोंधळ माजू नये म्हणून नियम हवेत. आणि नियम सैल झाले की काय होतं तेही आपण पाहिलंय. २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला, म्हणून आज घरोघरी वायफाय आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये ५ गिगाहर्ट्झमध्ये ६०५ मेगाहर्ट्झ इतकी जागा मोकळी झाली. या दोन अधिसूचनांनी सामान्य माणसाला जेवढं नेटवर्क दिलं, तेवढं कुठल्याही मोकळ्या बोर्डाने दिलेलं नाही. आणि तरी ओपन सोर्स हार्डवेअरच्या व्याख्येत हवेचा उल्लेख नाही. आमची मुख्य टीका हीच आहे. नेटवर्कच्या यंत्राला लहरींशिवाय आवाज नाही. मग लहरींबद्दल गप्प राहणारी मोकळेपणाची व्याख्या नेटवर्कपुरती तरी अपुरी आहे.

मग करायचं काय

कुणी म्हणेल, चारही थर मोकळे होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? अजिबात नाही. उलट, मोजपट्टी बदलायची. ‘हे ओपन आहे का?’ हा प्रश्न सोडून द्या, त्याला कुणीही हो म्हणतं. त्याऐवजी विचारा: बनवणाऱ्याचा यातला रस संपल्यावर ही वस्तू कोण चालू ठेवू शकेल?

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातल्या मुलांनी हाताने काम करत विज्ञान शिकावं हा त्याचा पाया. २००२मध्ये एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक तिथे उभी राहिली. आम्हाला त्यात महत्त्वाचं हे वाटतं की यंत्र हाताळणारा माणूस आधी होता, फॅब लॅब नंतर आली. माणूस नसेल तर मोकळा आराखडा कपाटातल्या पोथीसारखा. पूजा होते, वाचत कुणी नाही.

आपल्या स्टेशनजवळच्या गल्ल्यांत मोबाइल दुरुस्त करणारी मुलं बसतात. कुठलाही आराखडा हातात नसताना, फुगलेला कॅपॅसिटर बघून, मीटर लावून ती बोर्ड जिवंत करतात. मुक्त हार्डवेअरचे खरे वारसदार ही मुलं आहेत. त्यांच्यापर्यंत आराखडा पोचत नसेल तर तो कोणासाठी मोकळा केला?

म्हणून शेवटी चार प्रश्न देतो, प्रत्येक थराचा एक. सोसायटीने वायफायचा करार करताना विचारावेत, कॉलेजने लॅबसाठी खरेदी करताना विचारावेत. कल्याण-डोंबिवली २०१६मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत आली. तिच्या कॅमेऱ्यांच्या आणि नेटवर्कच्या निविदा निघतात तेव्हा नागरिक म्हणून आपणही विचारू शकतो. एक, यातल्या सॉफ्टवेअरला सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षं मिळतील आणि त्यानंतर दुसरं सॉफ्टवेअर टाकता येईल का? दोन, बोर्डाचा आराखडा दुरुस्ती करणाऱ्याला मिळेल का? तीन, आतल्या चिपचा कुठला भाग बंद आहे हे लेखी सांगाल का? आणि चार, हे कुठल्या पट्ट्यावर चालतं, तो पट्टा परवानामुक्त आहे का, की उद्या परवाना रद्द झाला तर सगळं भंगारात?

चारही प्रश्नांना समाधानकारक उत्तर देणारा विक्रेता आज मिळणार नाही. पण दोन प्रश्नांना उत्तर देणारा आणि एकालाही न देणारा, यांत निवड करता येते. लिंक्सिसचा कोड बाहेर आला तो कुणीतरी डब्यात काय आहे हे तपासून पाहिलं आणि विचारलं म्हणून. विचारणं फुकट आहे, आणि त्याला परवानाही लागत नाही.